वजा एक इंच

मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे, मित्रांनो, अंगाची मापे घेणारा. शिंप्याच्या गळ्यात असतो तो. माझा मूळचा रंग पिवळाधमक होता. आता मी मळकट झालो आहे, माझे काही आकडे पुसट झाले आहेत आणि चाळिशीच्या आसपास माझ्या अंगावर चहाचा डाग आहे. आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू बहुधा आपल्यावर झालेल्या अन्यायाबद्दल बोलतात. माझ्यावर कुणी अन्याय केला नाही. तो माझ्यामुळे झाला, एका भल्या माणसावर, आणि ते सांगताना मला आजही तोंड लपवावेसे वाटते. टेपाचे तोंड म्हणजे त्याचे पुढचे टोक. नेमके तेच मला नाही.

जन्मलो तेव्हा मी पुरता साठ इंचांचा होतो. दोन्ही टोकांना पत्र्याच्या चकचकीत पट्ट्या होत्या. एका शिंपीणबाईने मला विकत घेतले. तिची भाची तिला आत्या म्हणायची, म्हणून मीही आत्याच म्हणतो. आत्याचा हात सोन्यासारखा होता, पण तिला एक वाईट खोड होती. अवघड कापड समोर आले की ती विचार करता करता माझे टोक चावायची. चावून चावून पत्रा निघाला, मग दोरे सुटले, आणि एके दिवशी तिने कात्री घेऊन माझा पहिला इंच सफाईने कापून टाकला.

भाचीला ती म्हणाली, "आता हा एकापासून सुरू होतो. दिसेल त्यातून एक वजा करायचा. लक्षात राहील ना?"

"त्यापेक्षा नवा आण की, आत्या."

"नव्याला हात बसायला वर्ष लागतं. याला माझा हात बसलाय."

मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता! इंच गेला त्याचे दुःख नव्हते. उलट माझ्यावाचून आत्याचे पान हलत नाही, या विचाराने मी फुगलो. पुढे आत्याची नजर अधू झाली, तेव्हा तिने मला भाचीच्या गळ्यात घातले आणि भाचीबरोबर मी तिच्या सासरी आलो. तिथे सगळे तिला वहिनी म्हणत. त्या घरात आल्यावर मीही तिला वहिनी म्हणू लागलो.

वहिनीचा नवरा ट्रक चालवायचा. महिन्यातले वीस दिवस तो रस्त्यावरच असे. घरात वहिनी आणि तिची नणंद. नणंद वयाने मोठी, म्हणून वहिनी तिला ताई म्हणायची. पुढच्या खोलीत दोन मशिनी आणि एक लांब टेबल, एवढेच त्यांचे दुकान. मापे घ्यायची त्यांची एक पद्धत होती. वहिनी मला गिऱ्हाइकाच्या अंगाला लावायची आणि माझ्यावर दिसेल तो आकडा मोठ्याने सांगायची. ताई वही घेऊन स्टुलावर बसलेली असायची. ती मनातल्या मनात एक वजा करून लिहायची. वहिनी म्हणायची "सदतीस", वहीत पडायचे छत्तीस. आकड्यावरून दोघींमध्ये कधी एका शब्दाची चर्चा होत नसे. बारा वर्षांत त्यांचे एकही माप चुकले नाही. लोक म्हणायचे, वहिनीच्या हाताला तोड नाही. वहिनीला ते खरे वाटायचे. मला वाटायचे, आपण अचूक आहोत. ताईचे नाव कुणी घ्यायचे नाही. ती मुकाट्याने वजा करत राहायची.

मग मोठ्या रस्त्यावर तयार कपड्यांची दुकाने झाली आणि आमचे काम रोडावले. त्याच सुमारास कापडाच्या विक्रेत्याने निरोप आणला, की दूरच्या एका शहरात कोट शिवणारा मोठा कारखाना आहे, तिथल्या मालकीणबाईंना हुशार कारागीर हवा आहे. चार-पाच दिवस येऊन काम दाखवा, पसंत पडले तर ताईलाही घेऊ, जवळपास खोलीही मिळेल. नवऱ्याने ऐकले आणि मोकळा झाला.

"तू एकटी जाऊन बघून ये," तो म्हणाला. "शहर, खोली, काम, सगळं बघ. मला काय, ट्रक तिथूनही निघतो. तू म्हणशील ती पूर्व दिशा."

ताई तर हरखूनच गेली. वहिनी निघण्याआधीच तिने जुन्या वह्या खोक्यात भरायला घेतल्या. "जाऊन बघून तरी येऊ दे, ताई!" वहिनी हसली. ताई म्हणाली, "बघून ये गं. पण हो म्हणून ये." मग तिने एक चिठ्ठी दिली. दोन मशिनी आणि टेबल शेजारी शेजारी लावायला एकशे अकरा इंच जागा लागेल, असे तिच्यावर लिहिले होते.

मी वहिनीच्या पर्समध्ये गुंडाळी होऊन शहरात पोहोचलो. वहिनी याआधी कधी एकटी कुठे गेली नव्हती. बसमधून उतरल्यावर तिने कारखान्याचा पत्ता एका पेपरवाल्याला विचारला, चालली, आणि वळून वळून पुन्हा त्याच पेपरवाल्यापाशी आली. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "बाई, आता पेपर तरी घ्या." तिने घेतला. रस्ते रुंद होते, माणसे घाईत होती आणि तिला कुणीही ओळखत नव्हते. गावात दहा पावले टाकली तर तीन जण थांबवायचे. इथे ती बाकावर बसून कागदातला पाव खात होती आणि कुणी वळूनही बघत नव्हते. तिला आधी भीती वाटली, मग हळूहळू मजा वाटू लागली. पर्समध्ये हात घालून ती मधूनमधून मला चाचपत होती. त्या शहरात तिच्या ओळखीचा मी एकटाच.

संध्याकाळी तिने खोली पाहिली. तिसरा मजला, दोन खिडक्या, भरपूर उजेड. मशिनी लावायच्या भिंतीला तिने मला लावले. मी एकदा पुरता लागलो, साठ. पुढे उरलेल्या जागेत बावन्न. तिने चिठ्ठीच्या मागे लिहिले, एकशे बारा. एकशे अकरा हवे होते. "बसतंय!" ती रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली आणि एकटीच हसली. मी काही बोललो नाही. टेप बोलत नसतो. पण खरे सांगायचे तर तेव्हा माझ्याही काही लक्षात आले नाही.

कारखान्यात दुसऱ्या दिवशी मालकीणबाई भेटल्या. ओठांत टाचण्या धरूनही स्पष्ट बोलणारी बाई मी आयुष्यात ती एकच पाहिली. समोर एक गिऱ्हाईक उभे होते, वाद्यवृंदाचे संचालक. तीन दिवसांनी त्यांचा कार्यक्रम होता आणि त्यासाठी काळा कोट हवा होता.

"हाच तुमचा नमुना," मालकीणबाई म्हणाल्या. "माप तुमचं, कटिंग तुमचं, शिलाई तुमची. टेप स्वतःचा असेल तर तोच घ्या. वही काका लिहितील."

काका म्हणजे तिथले जुने कटर. चाळीस वर्षे त्यांनी कोट कापले होते. आता हात थरथरायचा, म्हणून ते मापांची वही सांभाळत. ते स्टुलावर बसले, अगदी ताईसारखे, आणि पेन्सिल सरसावून म्हणाले, "हं, बोला बाई."

मित्रांनो, सगळा घात त्या स्टुलाने केला. समोर स्टूल, स्टुलावर माणूस, माणसाच्या हातात वही. वहिनीच्या बारा वर्षांच्या सवयीने मान डोलावली. तिने मला संचालकांच्या छातीभोवती धरले आणि माझ्यावर दिसला तो आकडा सांगितला. "एक्केचाळीस!" काकांनी एक्केचाळीस लिहिले. "बाही सव्वीस!" काकांनी सव्वीस लिहिले. खांदा, कंबर, उंची, अशी सात मापे झाली. वजा करायला तिथे कुणी नव्हते.

वहीतले आकडे बघून वहिनीने कारखान्याच्या लोखंडी पट्टीने कापड आखले आणि कापले. मग दोन दिवस ती मान वर न करता शिवत होती. शिलाई इतकी देखणी, की शेजारचे कारागीर उठून बघायला येत. अस्तर असे बसवले, की मालकीणबाईंनी ओठांतल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाल्या, "छान." मी तिच्या गळ्यात लोंबत होतो. माझी छाती, म्हणजे माझे मधले इंच, अभिमानाने भरून आली होती.

चौथ्या दिवशी संचालकांनी कोट घातला. खांदे दोन्ही बाजूंनी ओघळले. त्यांनी सवयीने हात वर केले, जणू वाद्यवृंद समोर आहे, आणि हात खाली आणले तर पंजे बाहीत गडप. "बोटं दिसली नाहीत तर माझी माणसं वाजवणार कशी?" ते कडाडले. कुणीतरी हसले. मालकीणबाईंनी आपला टेप काढून त्यांची छाती मोजली. चाळीस. वही पाहिली. एक्केचाळीस. बाही मोजली. पंचवीस. वहीत सव्वीस.

"बाई," त्यांनी वहिनीला विचारले, "तुम्ही छाती किती सांगितली होती?"

वहिनीचा हात माझ्यावर होता. तिचा अंगठा सरकत सरकत माझ्या कापलेल्या टोकाशी आला आणि तिथेच थांबला. तिला कळले. मलाही त्याच क्षणी कळले.

"चाळीस," वहिनी म्हणाली.

एवढा एकच शब्द. मित्रांनो, मी गिऱ्हाइकांची पोटे मोजली आहेत, पोट आत ओढून खोटे माप देणारे पुष्कळ पाहिले आहेत. पण आपल्या माणसाच्या तोंडून असे खोटे मी पहिल्यांदाच ऐकले.

"चाळीस?" काका गोंधळले. "मला तर एक्केचाळीस ऐकू आलं."

"मशिनींचा आवाज होता," वहिनी म्हणाली. तिने खाली पाहिले.

गेल्या महिन्यातही काकांनी एक माप चुकीचे लिहिले होते, असे कुणाला तरी आठवले. मग दुसऱ्याला आणखी काही आठवले. मालकीणबाईंनी काकांकडे ज्या काळजीने पाहिले ते रागावण्यापेक्षा वाईट होते. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "माझंच चुकलं असणार," ते म्हणाले. "वय झालं. उद्यापासून वही दुसऱ्या कुणाला तरी द्या." आणि त्यांनी पेन्सिल वहीत ठेवून वही मिटली.

कोट सैल होता म्हणून वाचला. वहिनीने सगळे उसवून खांदे, बाह्या पुन्हा बसवल्या. पाचव्या दिवशी तो संचालकांच्या अंगावर असा बसला, की ते आरशासमोरून हलेनात. मालकीणबाईंनी वहिनीला सांगितले, "पुढच्या महिन्यापासून या. नणंदेलाही आणा, आता वहीला माणूस लागेलच."

निघताना जिन्यात काका भेटले. आपला डबा, छत्री, स्टुलावरची उशी, असे सामान ते घरी नेत होते. ते थांबले.

"बाई, तुमचा इथला पहिलाच कोट माझ्यामुळे बिघडला. मनाला लावून घेऊ नका हं."

वहिनीने मान हलवली. हो की नाही, ते मला पर्समधून कळले नाही. मी मात्र इतका घट्ट गुंडाळलो गेलो होतो, की माझे आकडे एकमेकांत रुतले.

घरी आनंदीआनंद होता. नवराही आलेला होता. वहिनीने काय काय सांगितले! रस्ते, दिवे, पेपरवाला, उजेडाची खोली. ती जरा जास्तच बोलत होती. ताईने चिठ्ठी मागून घेतली, मागचा हिशेब पाहिला आणि सवयीने पुटपुटली, "टेप दोनदा लावला, वजा दोन. एकशे दहा." मग तिचा चेहरा पडला. "अगं वहिनी, एका इंचानं अडतंय! मशिनी आणि टेबल नाही मावत."

"टेबल कापू थोडं," नवरा म्हणाला.

"हो, ते होईल," ताई म्हणाली आणि सहज, अगदी सहज, तिने विचारले, "पण काय गं, तिथं कारखान्यात तुझं वजा कोण करायचं?"

वहिनीने मला पर्समधून काढून टेबलावर ठेवले. मग तिने सगळे सांगितले, स्टुलापासून जिन्यापर्यंत. नवरा नुसता टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. ताईने तिला बोल लावला नाही. ती खोक्यापाशी गेली आणि भरलेल्या वह्या एकेक करून परत फळीवर ठेवू लागली. तो आवाज मला आजही ऐकू येतो.

सगळ्या वह्या लावून झाल्यावर ती म्हणाली, "काकांना सांगावं लागेल, वहिनी. मी येऊ बरोबर?"

"नको. केलं एकटीनं, जाते एकटीच."

तेच शहर, तोच पेपरवाला. या वेळी वहिनी वाट चुकली नाही. कारखान्यात तिने सगळ्या कारागिरांसमोर मला टेबलावर सरळ पसरले आणि सगळे सांगितले. माझे टोक सगळ्यांना दिसत होते. उघडे पडणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजले.

मालकीणबाईंनी ऐकून घेतले. "माप चुकणाऱ्याला मी शिकवते," त्या म्हणाल्या. "पण आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारणाऱ्याला मी काय शिकवू? तुमची जागा आता नाही, बाई." काकांचा पत्ता मात्र त्यांनी स्वतः लिहून दिला. काका त्या दिवसानंतर कामावर आलेच नव्हते.

काकांचे घर सायकलीच्या दुकानावर होते. दार काकूंनी उघडले. आत रेडिओ मोठ्याने चालू होता. "मोठ्यानं बोला हं," काकू ओरडूनच म्हणाल्या. "यांना हल्ली ऐकू येत नाही. कामसुद्धा सोडलंय त्यापायी!"

वहिनी काकांसमोर बसली आणि तिने मला त्यांच्या हातात दिले. त्यांची बोटे थरथरत माझ्यावरून फिरू लागली. जुन्या कटरची बोटे ती. टोकाशी येऊन ती थांबली. थरथरसुद्धा थांबली.

"याचा पहिला इंच कुठाय?"

वहिनीने खालमानेने, अगदी हळू आवाजात सांगितले. रेडिओ चालूच होता. काकांनी तिला एकदाही "काय?" म्हणून विचारले नाही. शेवटचा शब्दही त्यांनी ऐकला.

त्यांनी मला मांडीवर सरळ केले. मग म्हणाले, "सात मापं, सातही एकाच इंचानं जास्त. बहिरा माणूस इतका नेमका बहिरा नसतो, असं माझ्या मनात आलं होतं. पण नव्या बाईवर आळ कसा घ्यायचा? त्यापेक्षा म्हटलं, आपलेच कान गेले." त्यांनी रेडिओ बंद केला. "रस्त्यावर कुणी हाक मारली तरी मी वळून बघेनासा झालो होतो. वाटायचं, भास असेल."

वहिनी रडू लागली. काकांनी तिला रडू दिले. "माफ केलं" असे ते म्हणाले नाहीत, आणि तिनेही ते मागितले नाही. आतून काकूंनी ओरडून विचारले, "चहा टाकू का, चहा?"

"टाक," काका म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, "आणि अगं, हळू बोललीस तरी चालेल."

चहा होईपर्यंत त्यांनी सुईत लाल दोरा ओवून घेतला. ओवला काकूंनी, शिवले त्यांनी. थरथरत्या हाताने माझ्या कापलेल्या टोकावर त्यांनी सहा टाके घातले, सगळे वाकडे. दोन टाके वहिनीच्या रडण्यामुळे की त्यांच्या हातामुळे उसवावे लागले, मला सांगता येणार नाही. मग मला तिच्या गळ्यात न घालता त्यांनी टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "आता कुणीही उचलला तरी विचारेल. निघा, तुमची बस चुकेल."

दुसऱ्या आठवड्यात काका पुन्हा वही घेऊन स्टुलावर बसल्याचे कापडाच्या विक्रेत्याने सांगितले. आम्ही मात्र त्या शहरात गेलो नाही. काम अजूनही थोडेच असते. दुकानात नवा टेप आला आहे, साठच्या साठ इंचांचा, आणि मापे आता तोच घेतो. मी टेबलाजवळच्या खिळ्यावर टांगलेला असतो. ताईला आता वजा करावे लागत नाही. तरी वहिनी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, की इथली मापे आम्ही दोघी घेतो.

कधी एखादे गिऱ्हाईक विचारते, "हा लाल दोरा कसला?" वहिनी हातातले काम ठेवते आणि पहिल्यापासून सगळे सांगते. सांगताना तिचे कान लाल होतात. "चाळीस" या शब्दापाशी ती अडखळते, पण तो गाळत नाही. मीही खिळ्यावर मान खाली घालून ऐकतो. लाज जुनी झाली म्हणून कमी होते, असा माझा अनुभव नाही.

मित्रांनो, मला जपा, मला फेकू नका, असे मागणे मी मागणार नाही. माझे व्हायचे ते झाले. तुमच्या शेजारी स्टुलावर बसून तुमची उणीव मुकाट्याने भरून काढणारे कुणीतरी असते. एकट्याने कुठे निघालात, तर निघण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा, की रोज तू माझे काय वजा करतोस. आणि कधी आमच्या दुकानात आलात, तर त्या दोऱ्याबद्दल जरूर विचारा. वहिनीला सांगायला जड जाते. तरीही विचारा. मी ऐकतो आहे.